छत्तीस कप्पे, एक वॉटरमार्क

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
नवी वही सुरू. जुन्या वहीत बरीच पानं कोरी आहेत, पण ती वही पहिल्यापासूनच आळशी होती. संकल्प: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, आणि दंतवैद्याचा विचार करायचा नाही.

संध्याकाळी ६.४०
दंतवैद्याचा विचार केला. नाइलाज होता. आमच्या तिकीट संग्राहक मंडळाच्या ‘इतर’ संध्याकाळची तारीख आली, ९ मार्च. वर्षातून एकदा सगळ्यांनी पोस्टाची तिकिटं घरी ठेवायची आणि आपल्याकडचं दुसरंच काहीतरी आणायचं, जुनं, विचित्र, कुणी न पाहिलेलं. नियम एकच: त्या दिवशी ज्याच्या तोंडून ‘तिकीट’ हा शब्द निघेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे.

गेल्या वर्षी मंडळातल्या दंतवैद्याने किल्ल्या हरवलेली कुलपं आणली. एकतीस. टाळ्या दीड मिनिट, मी घड्याळ लावलं होतं. मी नेला होता घरातला जुना टॉर्च. अध्यक्षांनी हातात घेऊन बटण दाबलं तर लागला. लागल्यामुळे जुना वाटला नाही.

३ फेब्रुवारी
माळा उपसला. सापडलं: तीनचाकी सायकल (चाकं दोन), कशालाच न लागणारे चार चार्जर, माझा लग्नातला सूट. सूट घालून पाहिला. बाही उसवली. हिला विचारलं, आपल्या घरातली सगळ्यात जुनी, विचित्र वस्तू कोणती. हिचं म्हणणं पडलं की तुम्हीच जाऊन उभे राहा टेबलावर.
माणसाला घरातून पाठिंबा नसतो.

५ फेब्रुवारी
ऑफिसच्या स्टोअरमध्ये पाण्याचे जुने पितळी मीटर पडलेत. एक मागितला, एका संध्याकाळपुरता. स्टोअरकीपर म्हणाला की मीटर निकालात काढलेला आहे, पण निकालात काढलेला मीटर स्टोअरमध्ये हजर असावा लागतो. वाद घातला नाही. तो नियम मीच टाइप केला होता.

८ फेब्रुवारी, सकाळी, अर्धी दाढी झालेली
सुचलं! अण्णांचं कपाट!

पूर्ण दाढीनंतर
अण्णा म्हणजे आमचे वडील. घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात त्यांच्या डाव्या हाताला टेबलावर एक बुटकं लाकडी कपाट असायचं, छत्तीस छोट्या कप्प्यांचं, प्रत्येकावर कागदाचं लेबल, अण्णांच्या हातचं. आत चाकं, स्प्रिंगा, काटे. अण्णा गेले तेव्हा कपाट ताईकडे गेलं. मुलगा म्हणून खरं तर माझ्याकडेच यायचं, पण मी तेव्हा तिकिटांमध्ये फार बिझी होतो. मोठ्या मनाने सोडून दिलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी सोडलंच असतं.
दंतवैद्य गेला आता.

११ फेब्रुवारी, रविवार
ताईकडे गेलो. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अजून तिच्या आवाजाने माणूस आपोआप लाइनवर थांबतो. कपाट तिच्या पलंगाशेजारी असतं. रोज पुसते.

ती लगेच हो म्हणाली नाही. एक चहा झाला, दुसरा झाला. मग म्हणाली की ने, पण जसं नेशील तसं आण. अण्णांचं अक्षर आता एवढंच उरलंय. पत्रं त्यांनी कधी लिहिली नाहीत, दुकानाच्या वह्या दुकान विकलं तेव्हा रद्दीत गेल्या. करमेनासं झालं की ती म्हणे समोर बसून लेबलं वाचते, म्हणजे अण्णा बोलल्यासारखे वाटतात. डोळे पुसले. वय झालं की माणूस हळवा होतो.

मी तिला धीर दिला. म्हटलं, जुना कागद सांभाळण्यात या शहरात माझा हात धरणारा कुणी नाही. ती म्हणाली, तू सांभाळू नकोस रे, नुसतं ठेव.

दिलदारपणे तिला कार्यक्रमाचं आमंत्रणही देऊन टाकलं. येणार नाहीच. गुडघे दुखतात.

त्याच दिवशी, दुपारी
शोध! टॅक्सीत कपाट मांडीवर घेऊन बसलो होतो. सहज खिशातलं भिंग काढून लेबलांच्या कडा पाहिल्या. कडेला भोकं! बारीक, एकसारखी, ओळीत. म्हणजे ही पोस्टाच्या तिकिटांच्या शीटची कड आहे. पूर्वी शीटच्या बाजूला कोरी पट्टी यायची, मागे डिंक लावलेलीच. लोक ती चिकटपट्टीसारखी वापरायचे. अण्णांनी त्याच पट्ट्या कापून लेबलं केली! लहानपणापासून हे कपाट बघतोय आणि आज कळलं. त्याला नजर हवी.
लेबलांवर काय लिहिलंय ते बघायला वेळ झाला नाही. मजकूर काय, केव्हाही वाचता येतो.

१२ फेब्रुवारी, ऑफिस, जेवणाची सुट्टी
एकाच गोष्टीचा विचार चालू आहे. वॉटरमार्क. जुन्या कागदाच्या पोटात कारखान्याची खूण असायची. एरवी दिसत नाही. कागद सोडवून, ओला करून, काळ्या ट्रेमध्ये पालथा घातला की उमटते. या लेबलांमध्ये ती निघाली तर कागद किती जुना, हे कपाट किती जुनं, सगळं सिद्ध होईल. नुसतं कपाट कुणीही दाखवेल. मी पुरावा दाखवीन. दंतवैद्याच्या कुलपांना पुरावा होता का?
मीटरच्या तक्रारी: आज सोळा. उद्या बघू.

१३ फेब्रुवारी
आठवणीसाठी कपाटाचे फोटो काढले. मी बाजूला, हात कपाटावर. काढायला हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही बाजूला नाही, पुढे उभे आहात. हिला फ्रेमची समज कमी.

१७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ९.१५
ही मैत्रिणीकडे गेली, संध्याकाळी येणार. घर शांत. परिस्थिती अनुकूल.

९.३०
ताईला दिलेल्या शब्दाचा नीट विचार केला. जसं नेलं तसं आण, एवढंच ती म्हणाली. लेबल सोडवायचं, वॉटरमार्क बघायचा, वाळवायचं, परत चिकटवायचं. तिला कळणारही नाही. म्हणजे जसंच्या तसंच.

१०.०५
कप्पे बाहेर काढून आतला माल वाट्यांमध्ये ओतला. कप्पे छत्तीस, घरात वाट्या चौदा. सारखं दिसणारं सारख्याबरोबर ठेवलं. मग साधारण सारखं दिसणारं. मग बसेल तिथे.

१०.५०
ट्रे, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. मिठाची युक्ती माझी स्वतःची. कप्प्यांची तोंडं पाण्यात. चाळीस वर्षं तिकिटं भिजवतोय, एकही फाटलं नाही.

११.२०
पहिलं लेबल सुटलं. चिमट्याने उचललं आणि लगेच पालथं घातलं. वॉटरमार्क नाही.

१२.४५
एकवीस झाली. वॉटरमार्क नाही. पाणी निळसर दिसतंय. इतक्या वर्षांचा मळ.

१.३०
छत्तीसच्या छत्तीस! सगळी पालथी, सहा-सहाच्या ओळीत, एकही चुरगळलं नाही. वॉटरमार्क एकातही नाही, म्हणजे साधा कागद, पण हात काय चाललाय माझा. पाणी चांगलंच निळं झालं. दुकान रस्त्याला लागून होतं, धूळ फार यायची. पाणी सिंकमध्ये ओतलं.

२.००
लेबलं ब्लॉटिंग पेपरमध्ये, त्यावर डिक्शनरी, त्यावर मिक्सर. झोप.

५.३०
ही आली. वाट्या कुठे आहेत म्हणाली. दाखवल्या. तिने चौदाही वाट्या कुकरच्या एका भांड्यात उपड्या केल्या आणि घासायला घेतल्या. वर्गीकरणाचं जे नुकसान झालं ते हिच्यामुळे. नोंद असावी.

१८ फेब्रुवारी, सकाळी ८.००
मिक्सर उचलला. डिक्शनरी उचलली. लेबलं सुलट केली. सपाट, सुरेख, स्वच्छ.

८.०४
फारच स्वच्छ.

८.१०
सगळी कोरी आहेत.

८.३०
भिंगातून पाहिली. उन्हात धरून पाहिली. कोरी.

९.००
चूक कुणाची हे शांतपणे ठरवायला हवं. अण्णांची. माणूस एवढी वर्षं दुकान चालवतो आणि पाण्याने जाणारी शाई वापरतो? लेबलावर? पक्की शाई काय मिळत नव्हती?

९.२०
ही विचारतेय बरं नाही का, चेहरा उतरलाय. म्हटलं, भूक लागलीय. खरंच लागलीय. नाश्ता केला नाही.

१०.१५
नाश्ता केला. परिस्थिती वाटते तेवढी वाईट नाही. कागद मूळचाच आहे. गेला तो फक्त मजकूर. तो परत लिहिता येतो.

१०.४०
काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही.

११.००
म्हणजे वाचलंच नाही. काल एकेक लेबल हातात घेतलं. छत्तीस वेळा. आणि छत्तीस वेळा पालथं घातलं.

२० फेब्रुवारी
फोटो आठवले! धावत जाऊन फोन काढला. अकरा फोटो. दहांमध्ये मी. अकराव्यात मी आणि माझ्या कोपराखालून अर्धं लेबल दिसतंय. मोठं करून पाहिलं. ‘न’ आहे. किंवा ‘त’चा शेवट.

हिला आडून विचारलं, अण्णांच्या कपाटावर काय लिहिलेलं असायचं गं. हिला आठवेना. एवढंच आठवतं की नवीन लग्न झालं तेव्हा दुकानात एकदा वाचली होती आणि हसू आवरेना, अण्णांसमोर पंचाईत झाली. घड्याळाच्या सुट्या भागांत हसण्यासारखं काय असणार? हिची स्मरणशक्ती कामाची नाही.

२१ फेब्रुवारी
ताईला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. ऑफिसातून फोन लावला. तिकडून ‘बोला’ म्हणाली, त्याच जुन्या आवाजात. मी म्हटलं, सॉरी, राँग नंबर. ती म्हणाली, जेवलास का?
जेवलो म्हटलं आणि ठेवला.

२४ फेब्रुवारी
डोकं शांत ठेवलं की मार्ग निघतो. घड्याळजी लेबलावर काय लिहील? आत जे असेल ते. कुकरच्या भांड्यातला माल वर्तमानपत्रावर ओतून बसलो. यादी तयार: चाके लहान, चाके मध्यम, चाके मोठी, चाके इतर, चाके आणखी. स्प्रिंगा तीन प्रकारच्या. स्क्रू चार. काटे तीन. काचा. किल्ल्या. झाले सतरा. उरलेले कप्पे: किरकोळ १ ते किरकोळ १९.
मूळची यादीही साधारण अशीच असणार. अण्णा शिस्तीचे होते.

२७ फेब्रुवारी, ऑफिस
अण्णांच्या अक्षराचा सराव. हाताशी नमुना म्हणून एकच ‘न’ (किंवा ‘त’चा शेवट). त्यावरून बाकीची वर्णमाला उभी करायची आहे. तक्रारींच्या फॉर्मच्या मागे कोरी जागा असते, तिथे लिहून पाहतोय. साहेबांनी बोलावलं. एका गृहस्थाचा मीटर उलटा फिरतो, त्याच्या तक्रारीला आम्ही दिलेलं उत्तर ‘किरकोळ ११’ असं होतं. साहेबांना म्हटलं, अंतर्गत वर्गीकरण आहे. ते म्हणाले, मग वर्ग बदला.

१ मार्च
नवीन लेबलं लिहिली, सुंदर आली. जुनी दिसावीत म्हणून चहात बुडवली. शाई गेली.
पुढच्या वेळी आधी चहा, मग शाई. अनुभवाशिवाय माणूस शिकत नाही.

३ मार्च
आधी चहा, मग शाई. उत्तम. चिकटवली. दोन हात लांबून पाहिलं तर कुणालाही अण्णा वाटतील. हिला दाखवलं. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ताईंना काय सांगणार आहात? म्हटलं, तिला कशाला काय सांगायचं, ती येणारच नाही.

५ मार्च
ताईचा फोन. येतेय. गुडघ्यांना नवीन औषध लागू पडलंय. मी म्हटलं, हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे (चालू आहे). ती म्हणाली, सावकाश चढेन. एवढे लोक अण्णांची लेबलं वाचणार, तेव्हा त्यांचे चेहरे बघायचेत मला.
ताईला अण्णांची लेबलं म्हणजे एवढं काय वाटतं ते मला कळत नाही.

९ मार्च, शनिवार, सकाळी
आज. भाषणाची चौदा कार्डं तयार. ‘तिकीट’ हा शब्द येऊ द्यायचा नाही. त्याऐवजी ‘पोस्टाचा चिकट कागद’. आरशासमोर तीनदा म्हटलं, एकदाही चुकलो नाही. कॉन्फिडन्स पूर्ण.

१० मार्च, रविवार, सकाळी ६.३०
काल लिहिलं नाही. आता लिहितो.

ग्रंथपाल बाईंनी लोकांनी परत केलेल्या पुस्तकांत सापडलेल्या खुणा आणल्या होत्या: केसांच्या पिना, बसचा पास, लाँड्रीची चिठ्ठी, एक अर्धवट पत्र, ‘प्रिय’ एवढंच लिहून सोडलेलं. बरं होतं. दंतवैद्याने दवाखान्यातल्या खुर्चीखाली सापडलेली एकेकटी कानातली आणली, वीस वर्षांची. दात दुखताना माणूस कान ओढतो म्हणे. टाळ्या पावणेदोन मिनिटं. मला काही फरक पडला नाही.

ताई वेळेआधी आली. टेबलापाशी गेली. चष्मा लावला. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक कप्पा पाहिला. एका लेबलावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला आणि तिसऱ्या ओळीत जाऊन बसली. मी मनात म्हटलं, पास झालो.

मग माझं नाव पुकारलं. सुरुवात दमदार. पट्टी, भोकं, डिंक, सगळं ओघात आलं. चौथ्या मिनिटाला तो शब्द तोंडून निसटला, आणि एकदा निसटल्यावर थांबेना. अध्यक्षांनी मोजलं, अकरा वेळा. लोक हसले, ते मी मोकळेपणाने घेतलं. मग दंतवैद्य उठून म्हणाला, चांगल्या आवाजात म्हणाला, की एखादं लेबल वाचून दाखवा ना, तुमच्या वडिलांच्या हातचं आहे. मी हाताला लागलं ते वाचलं. किरकोळ ७. त्याने म्हटलं, अजून एखादं. मी वाचलं, चाके मोठी. त्याने तो कप्पा उघडला. आत एक स्प्रिंग आणि डाळीचा एक दाणा होता. त्याने कप्पा हळूच परत लावला. लोक हसले असते तर बरं झालं असतं.

अध्यक्ष म्हणाले, नियम म्हणजे नियम, तुम्ही कपांकडे बघा. चौतीस कप होते.

पँट्री हॉलला लागूनच आहे. दार अर्धवट उघडं. मी नळ सोडला, पाचवा-सहावा कप असेल, तेवढ्यात ताईचा आवाज आला. वरची ओळ, डावीकडून पहिला, असं म्हणाली, आणि लाइन जोडून द्यावी तशी सांगू लागली.

‘वकीलसाहेबांचं घड्याळ. पुढे धावतं. त्यांना सांगितलं, हसले, तसंच घेऊन गेले.’

‘मास्तरीणबाई. घाई नाही म्हणतात. रोज येऊन म्हणतात.’

‘हे काय आहे मला माहीत नाही. टाकलं की उद्या लागेल.’

‘जोडून झाल्यावर उरलं. घड्याळ तरी चालतं. गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.’

हॉलमध्ये हसण्याचा स्फोट. मी नळ बंद केला.

‘तीन दिवस शोधलेला काटा. ताईला एका मिनिटात सापडला. वय वर्षं सात.’

‘मालक वारले. मुलगा न्यायला आला नाही. मी रोज किल्ली देतो.’

यावर कुणी हसलं नाही. मग पुढचा कप्पा, आणि पुन्हा हसणं.

मी हातात ओला कप धरून तसाच उभा. अण्णा असं काही लिहायचे, हे मला माहीतच नव्हतं. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसून मी शाळेपासून कॉलेजपर्यंत शेकडो वेळा चहा प्यायलो असेन. पाठ कपाटाकडे, तोंड अल्बमकडे. फार वाईट वाटलं. इथे दुसऱ्या कुणाला वाचायचं नाही म्हणून लिहितो, रडू आलं.

टाळ्या झाल्या. किती वेळ ते पाहिलं नाही. हात ओले होते.

बाहेर आलो तेव्हा सगळं मंडळ ताईभोवती. ग्रंथपाल बाई कागदावर उतरवून घेत होत्या, दंतवैद्य तिची पर्स धरून उभा. अध्यक्ष म्हणाले, पस्तीस झाली, कप्पे छत्तीस आहेत. ताई म्हणाली, गुडघे दुखायला लागले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की उद्या दहाला येते, माल एका ठिकाणी ठेव.

एकंदरीत कार्यक्रम चांगला झाला. टाळ्या शेवटी आमच्याच कपाटाला पडल्या. दहा वाजता काय बोलायचं त्याची कार्डं करायला घेतली होती. पहिलं कार्ड अजून कोरं आहे.

१० मार्च, दुपारी १.३०
ताई दहाला दोन मिनिटं कमी असताना आली. मी उभा राहिलो. सगळी कारणं तयार होती, शाई, मीठ, कुकरचं भांडं. तिने विचारलंच नाही. पर्समधून पक्क्या शाईची बाटली काढून टेबलावर ठेवली, टाकाचं निब ठेवलं, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या. म्हणाली, बस. मी सांगते, तू लिही.

मी ‘न’चा नमुना आणायला उठलो. तिने बसवलं. अण्णांसारखं लिहू नकोस म्हणाली, तुझ्या अक्षरात लिही. ते गेलं ते गेलं. मजकूर तरी घरात राहू दे.

मी म्हटलं, ताई, चुकलं माझं. तिने ऐकलं. म्हणाली की काल हॉलमध्ये लेबलं पाहिली तेव्हा तिला तिथेच खाली बसावंसं वाटलं होतं. आणि मग म्हणाली, पहिला कप्पा, वकीलसाहेब.

तीन तास लागले. ती सांगत होती, मी लिहीत होतो, ही स्वयंपाकघरात ऐकून हसत होती आणि मध्येच म्हणाली, हो हो, हेच ते, हेच मी नवीन लग्न झालं तेव्हा वाचलं होतं. ताईने कुकरच्या भांड्यातला माल नुसत्या बोटांनी चाचपून जागच्या जागी लावला. कुठलं चाक कुठल्या घड्याळाचं हे तिला अजून कळतं. हे ती कधी शिकली, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू स्टुलावर बसून चहा प्यायचास तेव्हा.

पस्तीस झाली. उरला शेवटचा, सगळ्यात खालच्या ओळीतला, उजवीकडचा. यात अण्णांची सगळ्यात नाजूक हत्यारं असायची. ताई म्हणाली, हा कोराच राहू दे. मी म्हटलं, अजिबात नाही. अशा कामात प्रामाणिकपणा लागतो, एक जरी लेबल गाळलं तरी संग्रह अपुरा. ती नको म्हणाली. मी हट्ट धरला. मी संग्राहक आहे, मला यातलं कळतं.

मग तिने सांगितलं. मी आठ वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ स्वच्छ करावं म्हणून साबण लावून बादलीत धुतलं होतं. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी हे लेबल लावलं आणि ते शेवटपर्यंत काढलं नाही.

मला ते घड्याळ अजिबात आठवत नाही.

निब शाईत बुडवलं. ताईने सावकाश सांगितलं, मी शब्दाला शब्द लिहिलं: ‘धाकट्याला हात लावू देऊ नये.’ अक्षर बरं आलं. कप्प्यावर चिकटवलं, वाळू दिलं. मग ताई पाणी प्यायला आत गेली तेव्हा बोट ओलं करून हळूच घासून पाहिलं.
जात नाही.